पान, पाणी आणि अंबत्तूरची पाटी

प्रास्ताविक

चेन्नईहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबत्तूर हे स्थानक आहे. मुंबईकडे येणाऱ्या गाड्याही याच मार्गाने धावतात. एके काळी हे तलावाकाठचे साधे गाव होते. १९४९ मध्ये येथे सायकलींचा कारखाना उभा राहिला, पुढे साठच्या दशकात लघुउद्योगांची मोठी वसाहत वसली आणि २०११ मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. कारखान्यांमुळे देशाच्या अनेक भागांतील माणसे येथे आली. तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया, बंगाली अशा अनेक भाषा या परिसरात कानांवर पडतात.

स्थानकाच्या फलकावर गावाचे नाव तीन लिप्यांत लिहिलेले असते. ज्याला देवनागरी वाचता येते आणि तमिळ अक्षरांची नुकती ओळख झाली आहे, असा प्रवासी तेथे थोडा गोंधळतो. देवनागरीत स्पष्टपणे 'ब' लिहिलेला असतो. तमिळमध्ये मात्र त्या जागी 'प' हे अक्षर दिसते. फलक रंगवणाऱ्याने चूक केली असावी असे त्याला वाटते. प्रत्यक्षात चूक कोणाचीच नसते. 'म' या अनुनासिकानंतर आलेला 'प' तमिळ माणूस 'ब' असाच उच्चारतो, त्यामुळे त्यासाठी वेगळे अक्षर बाळगण्याची गरज तमिळ लिपीला वाटलेली नाही.

भाषेतील ध्वनी आणि व्याकरण काळाच्या ओघात कसे बदलतात, हा या पाठाचा विषय आहे. या पाठाचा अभ्यास केल्यावर 'पाणी' आणि 'पान' या दोन शब्दांत एकीकडे 'ण' आणि दुसरीकडे 'न' का आहे, 'मला पाहिजे' असे म्हणतो पण 'मी पाहिजे' असे का म्हणत नाही, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे तुम्हांला देता येतील.

पन्नास आणि अंबत्तूर

तमिळमध्ये पन्नास या संख्येला लिखित भाषेत 'ऐंबदु' म्हणतात. बाजारात मात्र 'अंबदु' असेच ऐकू येते. आरंभीचा 'ऐ' सैल होऊन त्याचा 'अ' झाला आहे. अंबत्तूर या नावाविषयी अशी लोकसमजूत आहे की, देवीच्या स्थानांच्या गणनेत हे गाव एक्कावन्नावे आहे. म्हणून 'ऐंबत्तोन्राम ऊर' म्हणजे 'एक्कावन्नावे गाव', आणि त्यावरून अंबत्तूर. गावाच्या नावांच्या अशा कथा सर्वत्र असतात व त्या ऐकायला गोड असल्या तरी पुरावा म्हणून जपूनच वापराव्या लागतात. तरीही या कथेत एक गोष्ट खरी आहे : 'ऐंब'चे 'अंब' होणे तमिळ बोलीत सहज घडते. कथा रचणाऱ्यांनी आपल्या कानांवर विश्वास ठेवला होता.

आता 'अंबदु' आणि 'अंबत्तूर' हे शब्द शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात स्वरानंतरचा एकटा 'त' मऊ होऊन 'द'सारखा ऐकू येतो. दुसऱ्यात 'त्त' अशी जोडी आहे, म्हणून तो कणखर राहिला आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले एकटे व्यंजन झिजते आणि जोडव्यंजन टिकते, हे तत्त्व केवळ तमिळचे नाही. मराठीचा जवळजवळ निम्मा इतिहास याच तत्त्वाने उलगडतो.

मराठी शब्दांचा प्रवास

संस्कृत, त्यानंतर प्राकृत, पुढे अपभ्रंश आणि मग मराठी अशी आपल्या भाषेची परंपरा सांगितली जाते. या प्रवासात 'दीप' या शब्दातील 'प' दोन स्वरांमध्ये एकटा होता. त्याचा 'व' झाला आणि मराठीत 'दिवा' आला. 'सर्प' या शब्दात मात्र 'र्' आणि 'प' एकत्र होते. प्राकृतात त्यांचे 'सप्प' झाले, आणि मराठीत 'साप' झाला. 'प' टिकला. 'सूची'तील एकटा 'च' नाहीसा होऊन 'सुई' झाली; 'पाद'मधील 'द' जाऊन 'पाय' झाला. 'सप्त'चे मात्र 'सत्त' व पुढे 'सात' झाले, 'रात्री'चे 'रत्ति' व 'रात', 'चक्र'चे 'चक्क' व 'चाक'.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. प्राकृतातील जोडव्यंजन मराठीत एकेरी झाले तेव्हा त्याच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. 'सप्प'मधील 'स' ऱ्हस्व आहे, 'साप'मधील 'सा' दीर्घ. व्यंजनाने सोडलेली जागा स्वराने भरून काढली, असे म्हणता येईल.

हे सर्व मान्य केले की 'पान' आणि 'पाणी' यांचे कोडे सुटते. 'पानीय' या संस्कृत शब्दात 'न' दोन स्वरांमध्ये एकटा होता. त्याचा 'ण' झाला आणि 'पाणी' हा शब्द मिळाला. 'मानुष'चा 'माणूस', 'जन'चा 'जण' आणि 'स्थान'चे 'ठाणे' याच वाटेने झाले. 'पर्ण' या शब्दात तर मुळातच 'ण' होता. पण तो जोडीत होता. त्याचे 'पण्ण' झाले आणि मराठीत 'पान' झाले. 'कर्ण'चा 'कान' आणि 'सुवर्ण'चे 'सोने' झाले ते असेच. म्हणजे जेथे 'न' होता तेथे 'ण' आला आणि जेथे 'ण' होता तेथे 'न' आला. वरवर पाहता हा निव्वळ गोंधळ वाटतो. एकेरी आणि जोडीचे व्यंजन हा भेद ध्यानात घेतला, की त्यातील शिस्त दिसू लागते.

'ल' आणि 'ळ' यांचेही तसेच आहे. 'फल'चे 'फळ', 'शाला'ची 'शाळा', 'माला'ची 'माळ'. परंतु 'मूल्य'चे प्राकृतात 'मुल्ल' झाले, म्हणून मराठीत 'मोल'. वेळ या अर्थाचा 'काल' हा शब्द मराठीत 'काळ' झाला. 'कल्य' या शब्दाचे 'कल्ल' होऊन त्यापासून आजच्या आदल्या दिवसाचा 'काल' आला. 'तैल'पासून मात्र 'तेळ' व्हायला हवे होते, झाले 'तेल'. नियम मोडला का? नाही. प्राकृतात हा शब्द 'तेल्ल' असा जोडव्यंजनाने उच्चारला जात होता. अपवाद वाटणाऱ्या शब्दाच्या मागे बहुधा असाच एखादा नियम दडलेला असतो आणि तो शोधण्यातच या शास्त्राची गोडी आहे.

फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथात अशा बदलांची बारकाईने मांडणी केली. १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. युरोपातील भाषांच्या बाबतीत हे काम शंभर वर्षे आधी सुरू झाले होते. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये दाखवले की, संस्कृत 'पितृ' आणि 'पाद' यांच्या आरंभी जेथे 'प' आहे तेथे इंग्रजी 'फादर' व 'फूट' या शब्दांत 'फ'सारखा ध्वनी आढळतो, आणि हा योगायोग नसून नियम आहे.

या इतिहासात चेन्नईचेही स्थान आहे. १८१६ मध्ये मद्रासचे जिल्हाधिकारी फ्रान्सिस एलिस यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड इत्यादी भाषांचे मूळ संस्कृतात नसून त्यांचे स्वतंत्र कुल आहे, असे प्रतिपादन केले. पुढे १८५६ मध्ये रॉबर्ट काल्डवेल यांनी द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले. त्यातून तमिळ आणि कन्नड यांमधील नियमित भेद स्पष्ट झाले. कानाला कन्नडमध्ये 'किवि' आणि तमिळमध्ये 'सेवि' म्हणतात. 'इ' किंवा 'ए' या स्वरांपूर्वीचा मूळचा 'क' तमिळमध्ये पुढे सरकून 'च' व 'स' यांच्याकडे गेला आहे.

'इ' आणि 'ए' उच्चारताना जीभ टाळूकडे पुढे सरकते व शेजारच्या व्यंजनालाही आपल्याकडे ओढते. मराठीत याचा प्रत्यय 'च' आणि 'ज' या अक्षरांत येतो. 'चाक', 'चूल', 'चोर' यांतील 'च' दातांजवळ उच्चारला जातो. 'चिमणी', 'चेंडू' यांतील 'च' टाळूजवळ. 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे असते, 'माझी' म्हणताना ती टाळूकडे वळते. मग 'चार' या शब्दात 'च'पुढे 'आ' असूनही तो टाळूजवळचा का? उत्तर जुन्या लेखनात आहे. तेथे हा शब्द 'च्यार', 'च्यारी' असा आढळतो. 'य' उच्चारातून गेला. जिभेची जागा मात्र तशीच राहिली.

करून पाहा : 'चिंच' आणि 'चिंचेचे' हे शब्द मोठ्याने म्हणा. प्रत्येक 'च' उच्चारताना जीभ कोठे लागते ते पाहा व शेजारी लिहून ठेवा.

अनुनासिकाची गोष्ट

फलकावरील 'अंब' पुन्हा आठवा. अनुनासिकाच्या शेजारी आल्यामुळे 'प'चा 'ब' झाला होता. हेच पंजाबीत घडले : संस्कृत 'दंत'चे तेथे 'दंद' झाले आणि 'पंच'चे 'पंज'. हिंदीत 'दाँत' झाला; नाकातील उच्चार राहिला, पण 'त' बदलला नाही. मराठीत पूर्वी 'दांत' असा सानुनासिक उच्चार होता. पुढे तो सुटला आणि 'दात' उरला.

'नाव' या शब्दाची कहाणी अधिक लांबची आहे. मूळ शब्द 'नाम'. दोन स्वरांमधील 'म' सैल झाला आणि त्याचा 'व' झाला. परंतु जाताना त्याने आपले अनुनासिकत्व मागे ठेवले. म्हणून जुन्या मराठीत 'नांव' हा शब्द नाकातून उच्चारला जाई. 'ग्राम'पासून 'गांव' झाला तोही असाच. काही शतकांनी प्रमाण बोलीतून हा अनुनासिक उच्चार गेला, तरी लेखनात अनुस्वार तसाच चालू राहिला. उच्चार नाही आणि खूण मात्र आहे, अशी अवस्था बराच काळ टिकली. अखेर १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. १९७२ मध्ये या नियमांत आणखी भर पडली. जुन्या दाखल्यावर वा खरेदीखतावर 'नांव' लिहिलेले आढळले तर ती चूक मानू नये. तो त्या काळचा नियम होता.

व्याकरणाचे बदल

ध्वनी झिजले की व्याकरणालाही हालचाल करावी लागते. शब्दाच्या शेवटी असलेले प्रत्यय झिजून गेले, तर वाक्यातील नाते दाखवणार कसे? जुन्या मराठीत 'देवु', 'जनु' असा प्रथमेचा उकार होता. तो आज मराठीत राहिलेला नाही, कोंकणीच्या काही बोलींत मात्र ऐकू येतो. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी मराठीतील अतिशय जुना लेख कोरलेला आहे. त्यात 'करवियलें' असे क्रियापद आहे व ते काम ज्याने करवले त्याचे नाव 'एं' या प्रत्ययाने दाखवले आहे. आज आपण त्यासाठी 'ने' हा प्रत्यय जोडतो. जुना प्रत्यय पातळ झाला, तेव्हा भाषेने नव्याने ठळक प्रत्यय घेतला.

काही वेळा जुने व्याकरण एखाद्या शब्दात गोठून राहते. ज्ञानेश्वरांच्या काळच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरच्या मराठीत क्रियापदाला 'इजे' जोडून कर्मणी रूप होत असे. 'बोलिजे' म्हणजे बोलले जाते, 'कीजे' म्हणजे केले जाते. ही रचना पुढे संपूर्ण लोप पावली. फक्त दोन शब्द वाचले, आणि तेही असे की त्यांच्यावाचून आज कोणाचे चालत नाही. एक 'म्हणजे'. त्याचे मूळ रूप 'म्हणिजे', अर्थात 'म्हटले जाते'. दुसरा 'पाहिजे', अर्थात 'पाहिले जाते', 'शोधले जाते'. 'मला दोन पुस्तके पाहिजेत' या वाक्यात 'पाहिजेत' हे अनेकवचन पुस्तकांना अनुसरून आले आहे, बोलणाऱ्याला नव्हे. कारण वाक्याच्या मुळाशी 'माझ्याकडून दोन पुस्तके शोधली जातात' अशी रचना आहे. 'मी पाहिजे' असे म्हटले तर कोणीतरी बोलणाऱ्यालाच शोधत आहे असा अर्थ होतो. सातशे वर्षांपूर्वीचे व्याकरण किराणा दुकानात रोज वापरले जाते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

बदल थांबलेला नाही. 'करतो आहे' याचे बोलताना 'करतोय' होते, 'केले'चे 'केलं', 'होते'चे 'होतं'. अंबत्तूरला नव्याने गेलेल्या मराठी कामगाराला तमिळमध्येही हाच अनुभव येतो. पुस्तकात 'जातो' यासाठी 'पोगिरेन्' असे रूप असते. सोबतचा कामगार मात्र 'पोरेन्' म्हणतो. दोन स्वरांमधील एकटा 'ग' झिजला आहे. पुस्तक घेऊन तमिळ शिकणाऱ्याला आपले पुस्तकच खोटे वाटू लागते. ते खोटे नसते, मागच्या काळात उभे असते इतकेच.

तंजावरची मराठी

एक भाषा बोलणारे लोक दोन ठिकाणी विभागले गेले, तर बदल दोन्हीकडे चालू राहतो. पण तो सारखा असत नाही. याचे उत्तम उदाहरण तमिळनाडूतच आहे. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यानंतर इंग्रजांनी ते राज्य संपुष्टात आणले. या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत मराठी ही तेथील दरबाराची भाषा होती. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. मोडी कागदपत्रांचे गठ्ठे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

राज्य गेले, माणसे राहिली. इंग्रजी अमदानीत अनेक कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने मद्रासला व अन्यत्र गेली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणम येथे अशाच मराठी घराण्यात जन्मले. त्यांच्यासारख्या घराण्यांचे वंशज आजही चेन्नईत आहेत. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत तमिळ किंवा इंग्रजी असा त्यांचा शिरस्ता. देवनागरी अनेकांना शिकायला मिळाली नाही. मराठी मजकूर लिहायचा झाला तर तमिळ लिपी हाताशी असते, आणि त्या लिपीत 'क', 'ख', 'ग', 'घ' या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. 'घर' आणि 'खर' यांतला फरक अशा वेळी कागद सांगत नाही, वाचणाऱ्याच्या घरात तो शब्द बोलला जात असला तरच कळतो.

तंजावरकडची मराठी ऐकून महाराष्ट्रातील पाहुणे कधी हसतात, कधी 'तुमची मराठी बिघडली' असा शेरा मारतात. हा शेरा तपासून पाहण्याजोगा आहे. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले, मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये. आज शाळेत शिकवली जाते ती प्रमाण मराठी मुख्यतः त्यानंतरच्या छापील पुस्तकांतून, पुण्या-मुंबईच्या शिक्षित वर्गाच्या वापरातून घडली. 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द तर विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीतून आले. व्यंकोजीराजांबरोबर दक्षिणेत गेलेल्या माणसांच्या वंशजांपर्यंत हे सारे पोचण्याचे कारण नव्हते. म्हणून त्यांची मराठी ही पुण्याच्या मराठीची बिघडलेली आवृत्ती ठरत नाही. दोघींची आई एक, सतराव्या शतकातील मराठी. एक बहीण छापखान्याच्या सहवासात वाढली, दुसरी तमिळच्या.

तमिळच्या सहवासात ती भाषा बदलली हेही तितकेच खरे. डॉ. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील मराठीचा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्रास इलाखा मात्र त्या पाहणीतून वगळलेला होता. त्यामुळे मराठीच्या इतर बोलींचे नमुने ग्रंथात नोंदले गेले आणि तंजावरची बोली, जी सर्वांत दूर गेली होती, बाहेरच राहिली. हे नुकसान मोठे आहे. आज त्या घरांतील मुले तमिळ आणि इंग्रजीत अधिक रमतात आणि आजी-आजोबांबरोबर जुने शब्द जातात.

शेजारच्या भाषेचा हात

भाषा केवळ आईकडून येत नाही, शेजारणीकडूनही येते. मराठीने द्राविडी भाषांकडून शब्द घेतले हे तर सर्वज्ञात आहे. कन्नड 'तुप्प'वरून 'तूप' आले. सुपारीला 'अडके' आणि सुरीला 'कत्ती', यांवरून 'अडकित्ता'. व्याकरणातील साम्य अधिक विचार करायला लावते. अंबत्तूरच्या कारखान्यात 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आपण जेवायला जाऊ' यांतील भेद तमिळ माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या भाषेत ऐकणाऱ्याला वगळणारा 'नांगळ्' आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारा 'नाम्' असे दोन शब्द आहेतच. प्रमाण हिंदीत दोन्हींसाठी 'हम' एकच.

'येतो म्हणून त्याने सांगितले' या वाक्यात बोललेली गोष्ट आधी येते आणि तिच्या शेवटी 'म्हणून' येते. तमिळमध्ये नेमक्या त्याच जागी 'एन्ड्रु' हा शब्द येतो, व त्याचाही मूळ अर्थ 'म्हणून', म्हणजे 'असे बोलून' हाच आहे. हिंदीत अशा ठिकाणी 'कि' वापरून बोललेली गोष्ट मागाहून आणतात. मराठीला ही ठेवण द्राविडी शेजारातून मिळाली असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

असा शेजार महाराष्ट्रातही आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक पिढ्यान्पिढ्या एकत्र राहत होते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये तेथील भाषांवर लेख प्रसिद्ध केला. शब्द प्रत्येकाने आपापले राखले होते, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार होई. तेथील उर्दूनेही 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद स्वीकारला होता. घरची भाषा सोडायची नाही आणि शेजाऱ्याशी अडायचेही नाही, यावर त्या गावाने काढलेला हा तोडगा होता.

शुद्ध कोणते?

महाराष्ट्राच्या अनेक भागांत 'पाणी'ला 'पानी', 'लोणी'ला 'लोनी', 'कोण'ला 'कोन' म्हणतात. असे बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसू ऐकावे लागते. काही जण त्या हशामुळे बोलायचेच थांबतात, आणि शाळा सुटण्याच्या कारणांत ते कारण कोणी नोंदवत नाही. आता 'पानीय' हा मूळ शब्द आठवा. त्यात 'न' होता. प्राकृतात त्याचा 'ण' झाला, तेव्हा संस्कृत जाणणाऱ्यांना तो उच्चार गावंढळच वाटला असेल. पुढे काही बोलींत 'ण' पुन्हा 'न' झाला. हाही ध्वनिबदलच आहे, आणि तो नियमाने घडलेला आहे : त्या बोलींत 'ण' हा ध्वनीच राहिलेला नाही, म्हणून सर्व शब्दांत सारखाच 'न' येतो. जिभेचा आळस असता, तर तो कधी असता, कधी नसता.

परीक्षेत आणि अर्जात 'पाणी' असेच लिहावे लागेल. लेखनासाठी सर्वांनी मिळून एक रूप मान्य केलेले असते. नागपूरचा अर्ज कोल्हापुरात वाचता यावा, एवढे त्याचे काम. त्या रूपाची सवय करून घ्यायला हवी. आईने शिकवलेला 'पानी' मात्र त्यासाठी चुकीचा ठरवण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. 'दिवा' आणि 'साप' या शब्दांची मुळे सांगून एका शब्दात 'प' बदलला व दुसऱ्यात टिकला, याचे कारण लिहा.

२. 'काळ' आणि 'काल' हे दोन शब्द कसे तयार झाले ते स्पष्ट करा.

३. 'मला दोन वह्या पाहिजेत' या वाक्यात क्रियापद अनेकवचनी का आहे?

४. तंजावरची मराठी ही प्रमाण मराठीची बिघडलेली आवृत्ती आहे, या मताविषयी तुम्हांला काय वाटते? पाठातील दोन आधार देऊन लिहा.

५. तुमच्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या बोलण्यातील, आता तुम्ही वापरत नाही असे दहा शब्द किंवा रूपे ऐकून लिहून काढा. प्रत्येकापुढे तुम्ही त्याऐवजी काय म्हणता ते लिहा, आणि त्या व्यक्तीने तो शब्द कोणाकडून ऐकला होता हेही तिला विचारा.